आवाज कसा आला, सरदार?

सरदारकाका पहिल्यांदा माझ्या दुकानात आले तेव्हा उंबरठ्यातच थांबले. मान वर केली, हातातली काठी उंच धरली आणि तिच्या लोखंडी टोकाने दारावरच्या स्लॅबला तीनदा ठोकलं. मग दोन पावलं आत, पुन्हा तीनदा. असं करत करत ते माझ्या टेबलापर्यंत पोचले. माझ्या डोक्याच्या बरोबर वर ठोकलं, कान तिरपा केला आणि म्हणाले, "बाई, खुर्ची सरकवा."

लकडगंजात माझं प्लायवूडचं दुकान आहे. दिवसभरात विचित्र माणसं बरीच येतात, त्यामुळे मी चेहरा न बदलता विचारलं, "तुम्हाला काय पाहिजे?"

"मले पलंगाले एक फळी पाहिजे. पण अगोदर खुर्ची सरकवा. वरचं भदभद बोलून राहिलं."

खुर्ची मी सरकवली नाही. फळी दाखवली. त्यांनी तीही बोटांच्या पेराने ठोकून पाहिली आणि दोन फळ्या नाकारल्या. प्लाय आतून पोकळ आहे का, हे ठोकून ओळखायला मला धंद्यात पाच वर्षं लागली होती. त्या दोन्ही फळ्या खरोखर पोकळ होत्या. तिसरी घेऊन ते गेले. दुसऱ्या दिवशी हमालाला बांबू घेऊन वर टोचायला सांगितलं, तर ताटाएवढा प्लास्टरचा तुकडा खुर्चीवर पडला. खुर्ची आता जिथे आहे तिथे तेव्हापासून आहे.

त्याच वर्षी आम्ही घर बदललं आणि नव्या घराजवळच्या चर्चमध्ये जायला लागलो. तिथे पहिल्याच रविवारी हे गृहस्थ शेजारच्या बाकावर. मला ओळखून म्हणाले, "सलाम, बाई. खुर्ची सरकवली का?" त्यांचं नाव शमुवेल. पण सगळे सरदारकाका म्हणत आणि नवीन माणूस पगडीवाल्याला शोधत बसे. कोळशाच्या खाणीत पाळी सुरू होण्याआधी एक माणूस सगळ्यांच्या पुढे आत जातो, काठीने छत ठोकतो, आवाज ऐकतो आणि ठीक आहे अशी सही करतो. मगच कामगार आत जातात. त्याला मायनिंग सरदार म्हणतात. काकांनी हे काम कन्हानच्या बाजूच्या एका खाणीत तीसेक वर्षं केलं होतं. ती खाण आता बंद आहे.

"ठणठण बोललं तर धड, भदभद बोललं तर पळ," ते सांगत. "छत खोटं नाही बोलत, मंदाबाई. माणूस बोलते."

आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. वेदीपुढे जायची पद्धत नाही. भाकरीच्या तुकड्यांचं ताट आणि द्राक्षारसाच्या छोट्या पेल्यांची थाळी ओळीतून फिरते. ताट काकांकडे आलं की ते दोन्ही हातांनी नीट धरत, वाकून बघत आणि न घेता शेजाऱ्याला देत. पहिल्यांदा मला वाटलं चुकून राहिलं. दुसऱ्यांदा वाटलं पोट बरं नसेल. तिसऱ्यांदा मी विचारलं.

"माझं अजून व्हायचं आहे," ते म्हणाले.

मला वाटलं, बाप्तिस्मा व्हायचा असेल. तोही लहानपणीच झालेला होता.

मजा अशी की, दुसऱ्याला ताटापर्यंत आणण्यात या माणसाइतका पटाईत कुणी नव्हता. आमच्यातला एक जण दारूपायी घर सोडून गेला होता, तो चार वर्षांनी परत आला. मागच्या बाकावर बसला आणि ताट दिसताच उठून बाहेर निघाला. काकांनी त्याच्या शर्टाचं टोक पकडलं. "बस गा. कुठं चालला?"

"काका, माझी लायकी नाही."

"लायकी असणाऱ्याले कायले लागते? जेवलेल्याले कोणी वाढते का? बस अन् घे."

तो रडत बसला, रडत घेतलं आणि त्यानंतर, माझ्या माहितीप्रमाणे, पुन्हा प्यायला नाही. ताट पुढे काकांकडे आलं. त्यांनी ते मला दिलं.

माझा स्वभाव असा की, एखादं बिजागर कुरकुरत असेल तर मला बसवत नाही. हे बिजागर तर दर महिन्याला कानाशी कुरकुरत होतं. पण काका काही सांगेनात. शेवटी त्यांच्या गुडघ्यांनी सांगितलं. एका शुक्रवारी ते दुकानात आले, छत ठोकलं आणि म्हणाले, "उद्या तुमची गाडी मोकळी आहे का? हुडकेश्वरले जायचं आहे. दोन बसा बदलणं आता होत नाही."

हुडकेश्वर म्हणजे शहराचं दुसरं टोक. शनिवारी सकाळी त्यांना स्कूटीवर मागे बसवून निघाले. काठी आडवी मांडीवर. पाऊण तास गेला. नव्या प्लॉटांच्या एका गल्लीत निळ्या फाटकाचं बसकं घर होतं, दारावर तथागतांची तसबीर. काका फाटकाशी उभे राहिले. आतून सत्तरीची एक ताठ बाई आली. शेवंताबाई.

"आले का, सरदार."

"आलो, बाई."

"कागद बदलला?"

"नाही."

"बरं. पाणी घ्या."

तिने पेला आणून दिला. काका उभ्यानेच पाणी प्यायले, पेला परत दिला.

"येतो."

"या."

सगळं मिळून सिग्नल लाल राहतो त्याहून कमी वेळ. मी गाडीचा स्टँडसुद्धा नीट लावला नव्हता.

"काका, एवढ्यासाठी पाऊण तास?"

"एवढंच आहे," ते म्हणाले. "बारा वर्षं झाली. प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी येतो."

परतताना एका रसवंतीसमोर मी गाडी थांबवली आणि सांगितलं की कारण कळल्याशिवाय पुढच्या महिन्यात गाडी मिळणार नाही. त्यांनी रसाचा ग्लास दोन्ही हातांत धरून सांगितलं. मध्ये थांबले नाहीत.

शेवंताबाईंचा नवरा भाऊराव त्यांच्या पाळीत होता. एका सकाळी काकांना जबर सर्दी झाली होती, दोन्ही कानांना दडे बसलेले. छत ठोकणाऱ्याचं सगळं काम कानांचं. त्याने अशा दिवशी साहेबाला सांगायचं, आज दुसऱ्याला पाठवा. काकांनी सांगितलं नाही. सर्दीसाठी सुट्टी घेणारा सरदार म्हणून लोक हसतील, असं वाटलं. आत गेले, रोजच्यासारखं ठोकलं, काहीच ऐकू आलं नाही, आणि सही केली. भाऊराव खाणीच्या तोंडावर थांबला. तो फार जपून वागणारा माणूस, रोज विचारायचा, आजही विचारलं, "आवाज कसा आला, सरदार?"

"मी म्हणलं, चांगला आहे, जा."

तो गेला. तासाभरात छत खाली आलं.

"कानाचं देव माफ करन," काका म्हणाले. "कानाचं मी मागू शकतो. पण चौकशी बसली, तेव्हा तोंड उघडं होतं माझं."

चौकशीत त्यांनी सांगितलं की छत ज्या लाकडी टेक्यांवर तोललं होतं, त्यांच्या पुढे भाऊराव गेला. आपण मना केलं होतं, त्याने ऐकलं नाही. हे लिहिलं गेलं. काकांची नोकरी वाचली. इथपर्यंत मला समजत होतं. घाबरलेला माणूस खोटं बोलतो. पण खाणीत दर वर्षी कामगारांना सुरक्षेचे धडे देतात, आणि धड्याला उदाहरण लागतं. साहेबांनी ठरवलं की भाऊरावची गोष्ट सांगायची. सांगणार कोण? ज्याने मना केलं होतं तो.

"दर वर्षी सांगितली, मंदाबाई. चौदा वर्षं. शेवटी तर मीच त्यात रंग भरायला लागलो. तो कसा हसला, कसा म्हणाला, 'काही नाही होत, सरदार.' तो असं काही म्हणालाच नव्हता."

चौदाव्या वर्षी पहिल्या बाकावर एक नवा पोरगा बसला होता. बापाच्या जागी लागलेला. भाऊरावचा प्रशांत.

"तुम्ही थांबला नाहीत?"

"साहेब मागं उभे होते. अन् गोष्ट पाठ झाली होती. पाठ झालेली गोष्ट मधात थांबत नाही." त्यांनी ग्लास खाली ठेवला. रस तसाच होता. "संपल्यावर पोरगा जवळ आला. म्हणाला, 'सरदार, बाबानं केलं तसं मी नाही करणार.' माह्या पाया पडला."

प्रशांतने घरी जाऊन आईसमोर बापाला नावं ठेवली. बेफिकिरीने मेला, आपल्याला उघड्यावर टाकलं, असं बोलला. हे काकांना शेवंताबाईंनी पुढे कधीतरी फाटकात उभं राहून सांगितलं. काका निवृत्त झाले, बायको गेली, मुलगी लग्न होऊन सुरतेला गेली. मग एक दिवस ते शेवंताबाईंच्या दारी गेले, खरं काय ते सगळं सांगितलं आणि माफी मागितली. ती रागावली नाही. म्हणाली, "कागदावर माझा नवरा बेफिकीर आहे. कागद बदलवा, मंग या." बदलला नाही, तरी ते येत राहिले.

मला हा प्रश्न कागदाचा वाटला, आणि कागदाचे प्रश्न मला सोडवता येतात. जीएसटीच्या नोटिसा मी एकटीने परतवल्या आहेत. मी काकांच्या नावाने अर्ज केले. चार ऑफिसं फिरले. शेवटच्या ठिकाणी एका कारकुनाने अर्ज दोनदा वाचला आणि सहानुभूतीने म्हणाला, "ताई, खाण बंद झाली. चौकशीचे साहेब वारले. फाइल कुठं गेली याची नोंद असेल, पण ती नोंद कुठं आहे हे कोणाले माहीत नाही. अन् समजा मिळाली, तर दुरुस्ती कोणत्या नियमाखाली करू? मेलेल्या माणसाचा स्वभाव बदलायचा नियम नाही आमच्यात."

मग मी दुसरा मार्ग काढला. कोर्टासमोर बसणाऱ्या टायपिस्टकडून काकांचं प्रतिज्ञापत्र करून घेतलं, नोटरीचा शिक्का मारला. भाऊराव नियमाने वागणारा होता, चूक माझी होती, मी खोटी साक्ष दिली, असं स्वच्छ. शनिवारी आम्ही ते घेऊन गेलो. प्रशांत घरी होता. आता पन्नाशीचा, एका गोदामात सुपरवायझर. त्याने फाटकात उभं राहून मोठ्याने वाचलं. "भाऊराव हे अत्यंत दक्ष कामगार होते" या ओळीशी त्याचा आवाज थांबला. पुढचं त्याने मनात वाचलं, कागद घडी करून परत दिला आणि आत निघून गेला.

शेवंताबाई म्हणाल्या, "तुमच्या म्हणण्यानं तो आत गेला, सरदार. तुमच्या म्हणण्यानं बेफिकीर झाला. आता तुमच्याच म्हणण्यानं चांगला झाला. तुमचं म्हणणं मी कितीदा मानू?"

काका म्हणाले, "खरं आहे."

"अन् ज्याइनं ज्याइनं ऐकलं, त्याइले कोण सांगन?"

मला वाटलं, हे करता येईल. पुढचे चार-पाच महिने मी काकांना रविवारी दुपारी कन्हानला नेलं. जुने कामगार शोधले. काही वारले होते, काही गावी गेले होते. जे सापडले ते म्हणत, "सोडा ना सरदार, किती जुनं झालं." काही जण माझ्याकडे बघून, म्हाताऱ्याचं डोकं सरकलं असावं अशी खूण करत. आणि मग नत्थूजी भेटले.

नत्थूजी अंगणात बाजेवर बसलेले, एक पाय सुजलेला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"सरदार," ते म्हणाले, "एक डाव मी टेक्याच्या पुढं पाय टाकला होता. तुमची गोष्ट आठवली. पाय मांगं घेतला. मिनिटभरात छत आलं. माह्या दोन पोरी तेव्हा पाळण्यात होत्या. घरी आलो अन् भाऊरावच्या नावानं हात जोडले. आजही जोडतो. आता तुमी म्हणून राहिले, गोष्ट खोटी होती. मंग मी कायनं वाचलो?"

ज्यांना त्यांनी आजवर धीर दिला होता त्यांना देण्यासारखं एखादं वाक्य त्यांच्याकडे नेहमी असे. आज नव्हतं.

"मी तर नाही सांगणार कोणाले," नत्थूजी म्हणाले. "माह्या जावयालेही हेच सांगितलं आहे. तो खाणीत आहे."

परत येताना पुलावर काका मागून म्हणाले, "पाप सडून जावं, तर बरं असते. हे फळं देऊन राहिलं, मंदाबाई. आता कोणत्या तोंडानं म्हणू का उपटून टाक?"

त्यानंतर ते कन्हानला गेले नाहीत. हुडकेश्वरला जात राहिले.

आमचे पाळकसाहेब तरुण आहेत आणि मनाने चांगले आहेत. काकांनी त्यांना सगळं कधीच सांगितलं होतं. एकदा ते माझ्या दुकानातच काकांवर घसरले. "काका, तुम्ही पाप कबूल केलं. पश्चात्ताप केला. कृपा म्हणजे काय? आपण मिळवू शकत नाही ते फुकट मिळणं. तिथे शेवंताबाईंची सही लागत नाही."

"फुकट आहे म्हणूनच भीती वाटते, साहेब. वेदीशी आल्यावर आठवलं का भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अगोदर त्याच्याकडे जा, मंग ये. हे मी नाही सांगितलं, प्रभूनं सांगितलं."

"तुम्ही गेलात की. बारा-पंधरा वर्षं जाताय. तिने दिली नाही तर तो तुमचा दोष नाही."

"माझ्या छताचा रिपोर्ट मीच लिहू?" काका म्हणाले. "एकदा लिहिला होता."

पाळकसाहेबांनी स्टूल जवळ ओढलं. मग म्हणाले, "तुमचा विश्वास आहे की नाही, काका? साधं सांगा."

"तुमच्यासाठी आहे. या बाईसाठी आहे. त्या दारूवाल्यासाठी तर काठी टेकवून सांगतो, ठणठण आहे. माझ्या छताखाली येऊन ठोकलं, का काही ऐकू येत नाही. भदभदही नाही. त्या दिवशीसारखं." त्यांनी कानावर हात ठेवला. "काहीच नाही."

मी वादात पडले नाही. मला गिऱ्हाईक होतं. पण खरं सांगायचं तर मला त्यांचा रागही येत असे. एवढी साधी गोष्ट, एक तुकडा उचलून तोंडात टाकायचा. देवापेक्षा जास्त कडक व्हायचा हक्क यांना कुणी दिला, असं वाटे. एकदा मी तसं बोललेही. ते हसले आणि म्हणाले, "सरदार होतो ना. सवय आहे. कोणी आत जायच्या अगोदर अडवायची."

मागच्या उन्हाळ्यात त्यांची किडनी गेली. मुलगी सुरतेहून आली, दवाखाना झाला आणि डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. हुडकेश्वरचा एक शनिवार तसाच गेला. पुढच्या शनिवारी दुपारी चार वाजता पाळकसाहेब त्यांच्या घरी प्रभुभोजन घेऊन येणार होते. काका त्याला नाही म्हणाले नव्हते. मुलगी म्हणाली, हेच शेवटचं. मी सकाळी दुकान हमालावर सोडून एकटी हुडकेश्वरला गेले.

शेवंताबाई ओसरीत जवस निवडत होत्या. मला एकटीला बघून म्हणाल्या, "सरदार?"

"पलंगावर आहेत. दिवस राहिले नाहीत."

"बसा." त्यांनी मला खुर्ची दिली. काकांना इतक्या वर्षांत दिली नव्हती.

मी आडवळणं घेतली नाहीत. म्हटलं, आज दुपारी त्यांच्यासमोर भाकर येणार आहे. तुमचा एक शब्द मिळाला तर घेतील.

"अन् नाही मिळाला तर?"

"नाही घेणार."

त्यांनी सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला. "म्हंजे त्याइचा देव माह्या तोंडाशी अडून राहिला. असा कसा देव, बाई? आमच्यात असं नसते. आमच्यात केलं ते केलं, त्याचं फळ त्याले. कोणी पुसत नाही, म्हून कोणी पुसून मागतही नाही."

"मला देवाचं माहीत नाही," मी म्हणाले. "मला आज दुपारी चारचं माहीत आहे."

त्यांनी निवडता निवडता हात थांबवले.

"राग नाही वं राहिला. दर महिन्याले दारात येणाऱ्या माणसावर किती दिवस राग राहीन? पण माफ केलं का, असं मनाले विचारलं, तर मन काही बोलत नाही. मी काय करू? आहे म्हणून सांगू, नसताना? त्याइनंही नसलेलंच सांगितलं होतं." त्यांनी सूप बाजूला केलं. "एक सांगा त्याइले. मागच्या शनिवारी मी फाटकाशी उभी होती. बारा वाजेपर्यंत वाट पाहिली. एवढं खरं आहे. एवढं सांगा."

येताना पाऊण तास मी हिशेब लावत होते. वाट पाहिली, यावर काका भाकर घेणार नव्हते. मला त्यांचे नियम पाठ झाले होते. आणि एका वाक्याने जर काम होत असेल, मरणाऱ्या माणसाचा प्रश्न असेल, कुणाचं काही बिघडत नसेल, तर ते वाक्य बोलायला काय जातं? धंद्यात मी यापेक्षा मोठी वाक्यं बोलले आहे.

पाळकसाहेबांनी स्टुलावर पांढरा रुमाल पसरला होता. मुलगी भिंतीशी उभी होती. काका पलंगावर, माझ्याकडून नेलेल्या त्याच फळीवर पातळ गादी टाकून पडलेले. मी त्यांच्या कानाशी वाकले.

"काका, हुडकेश्वरहून आले. शेवंताबाईंनी माफ केलं. तसं सांग म्हणाल्या."

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता रडतील. त्यांचा हात गादीच्या कडेवरून खाली गेला आणि त्यांनी पेराने फळीला ठोकलं. एकदा. दोनदा. तीनदा. ऐकत असल्यासारखी मान किंचित तिरपी केली.

"मंदाबाई," ते म्हणाले. आवाज जेमतेम होता, पण त्यात गंमत होती, नेहमीची. "दुकानात पोकळ माल ठेवत नाही ना तुमी?"

पाळकसाहेबांनी ताट पुढे केलं. काकांनी ते दोन्ही हातांनी धरलं. मुलीने खालून आधार दिला. वाकून बघता येत नव्हतं, म्हणून त्यांनी ताट डोळ्यांजवळ आणलं. आणि मग माझ्याकडे सरकवलं.

"घ्या," ते म्हणाले. "तुमाले लागन."

मी घेतली. तोंडात टाकली, गिळली. मग कुणीतरी प्रार्थना केली. काका झोपले. मंगळवारी सकाळी ते गेले.

पाळकसाहेबांनी दफनाच्या वेळी सांगितलं की आपला भाऊ प्रभूमध्ये विसावला आहे, कृपा आपल्या हातांच्या पकडीवर अवलंबून नसते. असेलही. माझ्याकडे ते तपासायचं साधन नाही. त्यांच्या मुलीने मला काठी दिली. ती दुकानात कोपऱ्यात उभी आहे. प्लायमधलं पोकळ मला अजून कळतं. छताला ठोकते तेव्हा सगळीकडे सारखाच आवाज येतो.

मला जे टोचतं ते खोटं बोलले याचं कमी. खोट्याच्या घाईत खरं सांगायचं राहिलं, त्याचं जास्त. बारा वाजेपर्यंत फाटकाशी उभी होती. एवढंच तिने दिलं होतं आणि तेच मी वाटेत टाकून आले. काकांनी त्यावर भाकर घेतली नसती, हे मी ठरवलं होतं. मी त्यांना विचारलं नव्हतं.

पुढच्या पहिल्या रविवारच्या आदल्या शनिवारी मी हुडकेश्वरला गेले, कारण कुणीतरी जाऊन कळवायला हवं होतं. फोन नंबर माझ्याकडे होता. केला नाही. फाटकाशी गाडी लावली. शेवंताबाई बाहेर आल्या. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. फाटकाच्या नळीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"मी वाट पाहिली, ते सांगितलं होतं का त्याइले?"

हो म्हणणं किती सोपं होतं. तपासायला आता कुणी नव्हतं.

"नाही," मी म्हणाले.

आत ओसरीत तीच खुर्ची होती. त्या आत गेल्या आणि पेला घेऊन आल्या.

"बरं. पाणी घ्या."

मी उभ्यानेच पाणी प्यायले, पेला परत दिला.

"येते," मी म्हणाले.

"या," त्या म्हणाल्या.